सोळा जानेवारीचा नवरदेव

लुआन मास्तरांनी इमिग्रेशन खात्याचं पत्र फ्रीजरमध्ये, गोठलेल्या कोळंबीच्या पिशवीखाली लपवलं. घरात ते एकटेच राहत होते, त्यामुळे लपवायचं कुणापासून हा प्रश्नच होता. पण लाज वाटायला लागली की माणूस रिकाम्या घरातही आडोसा शोधतो. त्याआधी वाचनालयात ते पत्र छापून घेताना मास्तरांनी छपाईच्या यंत्रावर अशी काही पाखर घातली होती, की मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंना वाटलं, यांना चक्कर आली.

पत्रातला मजकूर थोडक्यात असा होता. तुम्ही तुमची पत्नी श्रीमती लाय यांना कॅनडात आणण्यासाठी अर्ज केला आहे. अर्जानुसार तुमचा विवाह सोळा जानेवारी रोजी व्हिएतनाममध्ये, सा देक गावी, वधूच्या घरी तुमच्या उपस्थितीत झाला. तुमच्या पासपोर्टानुसार तुम्ही व्हिएतनाममध्ये उतरलात चार फेब्रुवारीला. तीस दिवसांत खुलासा करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास ही दिशाभूल समजण्यात येईल आणि श्रीमती लाय यांना पाच वर्षं कॅनडाचं दार बंद होईल.

मास्तरांचं वय सत्तावन्न, लायचं एकोणपन्नास. पहिली बायको जाऊन नऊ वर्षं झाल्यावर मास्तरांनी धीर करून हे दुसरं लग्न केलं होतं. पाच वर्षं म्हणजे त्या वयात काय असतं, हे ज्याचं त्यालाच कळतं.

आता मास्तर हे काही शाळेतले मास्तर नव्हेत. कॅल्गरीच्या एका मांसाच्या कारखान्यात हाडं काढायच्या लाईनवर त्यांची बावीस वर्षं गेली. पण सतराव्या अव्हेन्यूवरच्या कॉफीच्या दुकानात खिडकीजवळचं टेबल त्यांचं. शनिवारी सकाळी तिथे बसून ते अख्ख्या व्हिएतनामी वस्तीचे सरकारी अर्ज भरून द्यायचे. कुणाची सासू आणायची, कुणाचा भाऊ, कुणाचं नागरिकत्व. पैसे कधी घेतले नाहीत. एक कॉफी, फार तर गवती चहाची जुडी, आणि काम मोठं असेल तर फणसासारख्या महागड्या ड्युरियनचं एक फळ. म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत, आणि ते ऐकायला मास्तरांना मनापासून आवडत असे.

त्यांची स्वतःची अशी एक पद्धत होती. जन्म, लग्न आणि मरण या तीन गोष्टी ते तिथीनं लिहायचे. "ज्या दिवशी उदबत्ती लावतो तो दिवस खरा," ते सांगायचे. "सरकारं येतात नि जातात. चंद्र तोच आहे." लोकांनाही आईबापांच्या तिथ्याच पाठ होत्या, तारखा कुणाला आठवतात! आणि ज्यांचे मूळ कागद लढाईत जळाले किंवा पुरात गेले, त्यांच्या तिथ्या पडताळणार कोण? त्यामुळे बावीस वर्षं चंद्र आणि कॅनडा सरकार यांचं बरं चाललं होतं.

मास्तरांच्या लग्नाचा मुहूर्त लायच्या मामांनी पंचांग बघून काढला होता: चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्याची सोळावी तिथी. म्हणून मास्तरांनी अर्जात ठोकून दिलं, सोळा जानेवारी. प्रत्यक्षात त्या दिवशी कॅलेंडरावर पंचवीस फेब्रुवारी होती, रविवार होता, आणि मास्तर नवा कोट घालून सासरच्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे घाम पुसत उभे होते. सोळा जानेवारीला ते कारखान्यात होते.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जायच्या आधी, लायचा फोन आला. तिकडे रात्रीची जेवणं उरकली होती.

"अहो, कागदांचं काही कळलं का?"

"होतंय, होतंय. वरच्या साहेबांशी बोललोय मी."

"बरं."

"तू काळजी करू नकोस. या कामात माझी हयात गेलीय."

"बरं," लाय म्हणाली. ती मास्तरांपुढे मोजकंच बोलायची. बाजारात मोड आलेले मूग विकणारी, पाचवी शिकलेली बाई. नवऱ्याच्या विद्वत्तेचा मान राखते, असं मास्तरांना वाटायचं, आणि ते छाती फुगवून कामावर जायचे. त्या दिवशी मात्र छाती काही फुगली नाही.

बारा दिवस त्यांनी स्वतःच खुलासा लिहायचा प्रयत्न केला. एक कल्पना त्यांना फार आवडली होती: पासपोर्टावरच्या शिक्क्याचीही तिथी काढायची, बाराव्या महिन्याची पंचविसावी, म्हणजे नवरदेव लग्नाआधी तीन आठवडे पोचतो. तीन पानं लिहून झाली. मग ती वाचताना त्यांच्या लक्षात आलं, की ह्या हिशेबानं ते कॅनडातून निघाले डिसेंबरमध्ये आणि विमानात त्यांनी चाळीस दिवस काढले. मास्तरांनी पानं फाडली आणि हात टेकले.

उरला एकच मार्ग, आणि तो त्यांच्या जिवावर आला होता. कॉफीच्या दुकानापासून दोन चौक पुढे, केस कापायच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर क्वेनचं ऑफिस होतं. क्वेन म्हणजे वस्तीतलीच मुलगी, पस्तिशीची, सरकारचा परवाना घेतलेली इमिग्रेशन सल्लागार. पाटीवर परवान्याचा नंबर आणि खाली 'आम्ही व्हिएतनामी बोलतो'. त्या पाटीवरून मास्तरांनी दुकानात किती हशा पिकवला होता! "कसलं व्हिएतनामी? आईच्या चुलीपाशी शिकलेलं! कायदा सांगताना फोडणी दिल्यासारखं बोलते पोर." आणि हे बऱ्यापैकी खरं होतं. क्वेन इथेच जन्मलेली. तिची व्हिएतनामी सगळी स्वयंपाकघरातली.

मंगळवारी, बाहेर उणे चोवीस असताना, मास्तर कानटोपी, मफलर आणि मास्क अशा तयारीनं तो जिना चढले. बाहेरच्या टेबलाशी क्वेनची आई बसली होती. तिला सगळे साऊ मावशी म्हणत. वस्तीत कुणाच्या घरी काय शिजतं हे तिला घरच्यांच्या आधी कळायचं.

"नाव?" साऊ मावशीनं विचारलं.

"तोंग," मास्तर मफलरातून म्हणाले. "मित्रासाठी आलोय. तो भिडस्त आहे."

"बसा, तोंगसाहेब. आणि मास्तरांचं जॅकेट त्यांना परत करा हो, थंडी फार आहे."

मास्तरांनी खाली पाहिलं. कारखान्याच्या जॅकेटावर छातीशी त्यांचं नाव लाल दोऱ्यानं भरलेलं होतं, चांगल्या बोटभर अक्षरांत. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. कान मात्र टोपीच्या आत चांगलेच तापले होते.

समोरच्या खुर्चीवर कुणीतरी जाहिरातींचं वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलं होतं. ते उलटं होतं. वर्तमानपत्राखालच्या बुटांवरून मास्तरांनी ओळखलं: हेन, लाईनवर त्यांच्या शेजारी उभा राहणारा. हेनच्या आईला आणायचा अर्ज मास्तरांनीच गेल्या वर्षी भरला होता.

"हेन?"

वर्तमानपत्र खाली आलं. "अरे, मास्तर! मी... मी मेहुण्यासाठी आलोय. तुम्ही?"

"मी तोंगसाठी."

"हां. तोंग. बरा आहे ना?"

"भिडस्त आहे."

तेवढ्यात दार उघडून नखांच्या पार्लरवाली लियेन आत आली. तिनं हेनला पाहिलं, मग मास्तरांना पाहिलं, आणि हातातली फाईल पाठीमागे घेतली. "अगं बाई, चुकून वर आले. केस कापायचे होते," असं म्हणत ती उलट पावली जिना उतरली. तिचे केस आधीच बॉयकट होते.

मास्तरांना काहीतरी खटकलं. पण ते नीट मनात उमटायच्या आत साऊ मावशीनं रजिस्टरमधून मान वर न काढता, रोजच्या सवयीनं हाक दिली, "चला, मास्तरांच्यातला पुढचा कोण?"

हेन उठून उभा राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो खाली बसला. साऊ मावशीनं जीभ चावली. 

"मास्तरांच्यातला म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

हेननं वर्तमानपत्र पुन्हा तोंडापुढे धरलं. शेवटी आतल्या खोलीचं दार उघडून क्वेन स्वतः बाहेर आली. तिनं तिघांची तोंडं पाहिली आणि सगळं ओळखलं. "काका, आधी तुम्ही या," ती म्हणाली. "हेनदादा थांबतील."

आत गेल्यावर मास्तरांनी मफलर सोडला. क्वेनच्या मागे कपाट होतं आणि त्याच्या एका संपूर्ण फळीवर पिवळ्या फायली होत्या. बाकीच्या फळ्यांवर निळ्या. मास्तरांनी विचारायची गरज नव्हती, तरी त्यांनी विचारलं.

"पिवळ्या कुणाच्या?"

"तुम्ही भरलेल्या," क्वेन म्हणाली. "दुरुस्तीला आलेल्या. सात वर्षांतल्या. रागावू नका हं काका. खरं सांगायचं तर ऑफिस सुरू केलं तेव्हा पहिल्या वर्षाचं भाडं तुमच्यावरच निघालं."

दर नव्या वर्षाला साऊ मावशी मास्तरांकडे संत्र्यांची पेटी पाठवायची. मास्तर समजायचे, आपला वचक आहे. आता ती सगळी संत्री एकदम घशाशी आली.

"मला कुणी बोललं नाही," ते म्हणाले.

"कसं बोलणार? तुम्ही मनापासून करता. लोक म्हणतात, मास्तरांना वाईट वाटेल. शनिवारी तुमच्याकडून अर्ज भरून घेतात आणि सोमवारी जिना चढतात."

पत्र वाचताना क्वेनचे ओठ दोनदा हलले. हसू दाबताना तिच्या आईचेही असेच हलायचे.

"काका, सोळा जानेवारीला तुम्ही कुठे होता?"

"लाईनवर. हाडं काढत."

"मग लायमावशींशी लग्न कुणी केलं?"

"मीच! पंचवीस फेब्रुवारीला! तिथीनं सोळा!"

"ते मला कळलं. सरकारी नोंदणीची तारीख तेवढी बरोबर दिसतेय."

"ती तिथल्या कारकुनानं लिहिली होती," मास्तर पडेल आवाजात म्हणाले. मग त्यांना भलतीच भीती वाटली. "क्वेन, एक विचारू? परवाना नसताना फी घेतली तर गुन्हा होतो म्हणे. ड्युरियन फी धरतात का?"

"किती ड्युरियन?"

"बावीस वर्षांचे."

"ते मी ऐकलं नाही," क्वेन म्हणाली. मग खुर्ची पुढे ओढून तिनं तिच्या त्या फोडणीच्या व्हिएतनामीत समजावलं. "हे बघा काका. खोटेपणा म्हणजे नासलेला मासा. तो ते सरळ फेकून देतात. चूक म्हणजे खारट झालेला रस्सा. त्यात पाणी घालता येतं. तुमचा रस्सा खारटच आहे, नासलेला नाही, हे आपल्याला दाखवायचं. पण ते तुम्ही स्वतः सांगून चालणार नाही. ज्यांनी चाखलाय त्यांनी सांगितलं पाहिजे."

"म्हणजे?"

"म्हणजे लोकांनी लिहून द्यायचं, की हा माणूस वर्षानुवर्षं सगळ्यांच्याच तारखा तिथीनं लिहीत आलाय. लबाडीनं नाही, न कळून. नाव, पत्ता, सही. फायली माझ्याकडे आहेत, पण त्या त्या माणसाच्या परवानगीशिवाय मी त्यांना हात लावू शकत नाही. तुम्हालाच जाऊन मागावं लागेल."

मास्तरांनी मनात हिशेब मांडला. लबाड ठरले तर लाय पाच वर्षं येत नाही. मूर्ख ठरले तर येते. आणि मूर्ख ठरण्याचे दाखले आपणच दारोदार जाऊन गोळा करायचे. मुलगी चुलीपाशीच बोलायला शिकली असेल, पण तिचं म्हणणं त्यांना एका दमात समजलं होतं, आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

शनिवारी खिडकीजवळच्या टेबलाशी मास्तर उभे राहिले. पेनं, कोरे कागद समोर. दुकानात वीसेक माणसं होती.

"मंडळी, मला एक मदत हवीय," ते म्हणाले, आणि पत्रापासून सगळं सांगितलं. सांगताना नजर साखरेच्या डब्यावर. "तर तुम्ही लिहून द्यायचं, की मी तुमच्या अर्जांत चुका केल्या."

लोक आपापल्या कपांत बघू लागले. मग हेन घसा खाकरून म्हणाला, "छे छे, मास्तर. चूक माझी. वडील वारल्याची तिथी मीच तुम्हाला सांगितली."

"तू तिथी सांगितलीस. ती तारखेच्या चौकटीत घातली मी. तेवढंच लिही."

"चौकटच चुकीची असेल हो."

"चौकट सरकारची आहे, हेन!"

"तेच म्हणतोय मी. सरकारला काय कळतंय?"

लियेन कॉफीत चमचा फिरवत म्हणाली, "मास्तर, तुमच्यासारखा जाणता माणूस अख्ख्या आल्बर्टा प्रांतात नाही. असं कसं लिहायचं तुमच्याबद्दल? पाप लागेल."

"लियेन, परवा तू त्या जिन्यावर काय करत होतीस?"

"केस कापायला गेले होते."

"कुठले केस?" मास्तर ओरडले. "अगं, माझी बायको अडकलीय तिकडे! मी गाढव आहे! बावीस वर्षं गाढव आहे, आणि तुम्हाला सगळ्यांना ते माहीत आहे! लिहून द्यायला काय होतं?"

मागच्या टेबलावरची एक म्हातारी उठली, मास्तरांना हाताला धरून तिनं खाली बसवलं आणि त्यांच्यापुढे गरम चहा ठेवला. "ताप आहे का बघा रे," ती इतरांना म्हणाली.

शेवटी लियेननंच पेन उचललं. बराच वेळ लिहून तिनं कागद पुढे सरकवला. मास्तरांनी मोठ्यानं वाचला: "मास्तर अतिशय दयाळू, विद्वान आणि परोपकारी आहेत..."

"कौतुक खोड."

"सगळं?"

"सगळं."

लियेननं ओठ घट्ट मिटून चार ओळी खोडल्या आणि खाली लिहिलं, की सासूबाईंचा जन्म मास्तरांनी तिथीनं घातला, वर आपल्याकडच्या रीतीप्रमाणे वय एका वर्षानं वाढवून धरलं, त्यामुळे सासूबाईंचे दोन वाढदिवस झाले आहेत, नातवंडं दोनदा केक मागतात, आणि दुसऱ्या केकच्या वेळी सासूबाई दर वर्षी रडतात. लिहून झाल्यावर तिनं पेन खाली ठेवलं नाही. कागद उलटा करून ती मागच्या बाजूवर लिहू लागली.

तिचं बघून हेननं कागद ओढला. मग आणखी एकानं. मास्तरांसमोर लिहायला ज्यांना अवघड वाटलं ते कागद घरी घेऊन गेले आणि आठवड्याभरात बंद पाकिटं साऊ मावशीकडे देऊन आले. मास्तरांना वाटलं होतं, तीन-चार मिळतील. शुक्रवारी साऊ मावशीनं मोजली तर चौदा निघाली.

"वाचायची का?" तिनं विचारलं.

"वाचतो," मास्तर म्हणाले, आणि त्या बाहेरच्या खोलीत बसून त्यांनी चौदाही वाचली. एका माणसानं लिहिलं होतं, की मास्तरांच्या अर्जामुळे त्याचा धाकटा भाऊ थोरल्याच्याही आधी जन्मला. दुसऱ्यानं लिहिलं होतं, की वडिलांच्या मरणाची तारीख चुकल्यामुळे कागदोपत्री वडिलांनी मेल्यावर जमीन विकली. आणि जवळपास प्रत्येक पत्रात शेवटी तीच ओळ होती: 'मास्तरांना वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही.' चुकांची लाज मास्तरांनी कशीबशी गिळली असती. ही ओळ त्यांना गिळवेना. आपण लोकांना सांभाळतोय असं ते इतकी वर्षं समजत होते, आणि लोकच त्यांना सांभाळत होते, तेही त्यांना कळू न देता. मास्तरांनी मान खाली घातली आणि जॅकेटाच्या बाहीनं डोळे पुसले. साऊ मावशी उगाच रजिस्टरची पानं उलटत राहिली. मास्तर शांत झाल्यावर तिनं एक संत्रं सोलून त्यांच्या हातात दिलं.

क्वेननं खुलासा पाठवला: चौदा पत्रं, पंचांगाचं पान, लग्नाचे फोटो आणि मास्तरांचा स्वतःचा जबाब. तो जबाब तिनं मास्तरांना तीनदा लिहायला लावला, कारण पहिल्या दोन्हींत ते चंद्राची बाजू मांडत होते.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. लायला सायगॉनला मुलाखतीला बोलावलं होतं.

आता लायला सगळं सांगणं भाग होतं. मास्तरांनी सकाळी फोन लावला आणि पत्र, फ्रीजर, साहेबांशी न झालेलं बोलणं, सगळं सांगून टाकलं. फोनच्या पडद्यावर लायचा चेहरा जराही हलला नाही.

"तर तुला विचारतील, नवरा कसा आहे," मास्तर म्हणाले. "तू सांगायचं, फार काही अक्कल नाही."

"अहो, मी असं कसं म्हणू?"

"म्हणायचंच."

"परक्या माणसासमोर? नवऱ्याला? आमच्या घरात आईनं वडिलांना कधी उलट शब्द काढला नाही."

"लाय, हात जोडतो. तू माझी स्तुती केलीस तर मी लबाड ठरतो. पत्रं पाठवलीत क्वेननं, वाटेत वाच. त्यातलं काहीही सांग. केकचं सांग."

"बघते," लाय म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

मुलाखत झाली. मास्तरांनी त्या दिवशी चारदा फोन केला. "काय विचारलं?" "नेहमीचंच." "तू काय सांगितलंस?" "सांगितलं काहीतरी." याच्यापुढे लाय बोलेना. पुढे अडीच आठवडे रोज सकाळी हेच. मास्तरांची भूक गेली. लाईनवर त्यांच्या हातून एवढं मांस हाडाला चिकटून राहू लागलं, की मुकादम येऊन बघून गेला. तिनं स्तुती केली असणार, याची त्यांना खात्रीच पटली. चांगल्या वळणाची बाई, ती दुसरं काय करणार?

मग एका सकाळी क्वेनचा निरोप आला: मंजूर. मास्तरांनी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच लायला फोन लावला.

"मंजूर झालं!"

"मला पण आलंय पत्र," लाय म्हणाली.

"आता तरी सांग. काय बोललीस तिथे?"

लायनं फोन नीट टेकवून ठेवला. "मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, नवरा कसा आहे. मी तुम्ही शिकवलेलं म्हणायला गेले, पण जीभच वळेना. म्हटलं, फार हुशार आहेत."

मास्तर ओट्याला धरून उभे राहिले. "अरे देवा."

"बाई म्हणाल्या, मग ही चौदा पत्रं काय सांगतात? मी म्हटलं, ती मी बसमध्ये वाचली. पहिली दोन वाचून रडू आलं. तिसऱ्यापासून हसायला लागले ते थांबेचना. शेजारच्या आजीबाई विचारायला लागल्या, मग त्यांनाही वाचून दाखवली. मेल्यावर जमीन विकली ते ऐकून कंडक्टरसुद्धा मागे येऊन बसला."

"कंडक्टर," मास्तर म्हणाले.

"मग मी त्या बाईंना खरं तेच सांगितलं. म्हटलं, बाई, मला इतके दिवस जायचंच नव्हतं."

"काय?"

"तुम्ही एवढे विद्वान. मी बाजारात मोड विकणारी. रोज फोनवर तुमचं ऐकायचे आणि धाक वाटायचा. वाटायचं, हा माणूस उठता-बसता माझ्या चुका काढणार. कागद नामंजूर झाले तर सुटले, असंही मनात यायचं. आईजवळ बोललेही होते."

 रोज सकाळी तिच्या त्या 'बरं'वर छाती फुगवून आपण कामावर जात होतो, हे आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड फिरवून ते पडद्याबाहेर जायला लागले.

"लपू नका, दिसताय तुम्ही," लाय म्हणाली. "बाईंनी विचारलं, मग आता? मी म्हटलं, आता मला लवकर पाठवा. ह्या माणसाला एकट्याला ठेवणं बरं नाही. तर त्या हसल्या, दुभाष्या हसला, आणि फाईल मिटली."

लायसुद्धा हसत होती. लग्नाच्या दिवसापासून मास्तरांनी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. तिचा डावीकडचा एक दात किंचित पुढे होता, हेही त्यांना आजच कळलं. त्यांचं तोंड लाजेनं लाल झालं होतं, आणि तरीही ते पडद्यासमोरून हलले नाहीत.

"तिकिटाचं मी बघतो," ते म्हणाले. "एक स्वस्त विमान मला माहीत आहे, तैपेईवरून..."

"तुम्ही हात लावू नका," लाय म्हणाली. "तिकीट मी काढते. तुम्ही फक्त मला घ्यायला या. आणि कुठल्या दारापाशी उभं राहायचं, ते आधी क्वेनला विचारून या."

"बरं," मास्तर म्हणाले.